अस्वलाचे पासबुक

बँकेत माझ्याकडे झोपलेल्या खात्यांचे टेबल आहे. कागदोपत्री त्यांना 'निष्क्रिय खाती' म्हणायचे, आपसांत आम्ही 'डॉर्मंट' म्हणतो. दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने स्वतः काही भरले नाही, काही काढले नाही, की खाते झोपते. झोपते म्हणजे मरत नाही. बचत खाते असेल तर झोपेतही त्याला व्याज मिळत राहते. दहा वर्षे झोपेतच गेली, तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाऊन पडते आणि तिथूनही तिला उठवून आणता येते. फक्त फॉर्म वाढतात. हे सगळे मी रोज कुणाला ना कुणाला समजावून सांगत असतो. तरीही एखादे आजोबा काउंटरवर काठी आपटून विचारतातच,

"मी इथे तुमच्यासमोर धडधडीत उभा आहे, आणि माझं खातं मेलं कसं?"

"मेलं नाही आजोबा, झोपलंय."

"मग उठवा की! पगार कशाचा घेता?"

उठवायला फोटो, आधार, पॅन आणि एखादा लहानसा व्यवहार लागतो. शंभर रुपये भरले तरी चालतात. बावीस वर्षांच्या नोकरीत मी अशी हजारभर खाती उठवली असतील. हल्ली आम्हाला कारकून म्हणत नाहीत, 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. पण काठी तीच आणि काउंटरही तोच.

हे सांगायचे कारण, एवढ्याच भांडवलावर मी गेल्या आश्विनात अस्वलांच्या शास्त्रात शिरलो. एरवी जीवशास्त्राशी माझा संबंध दहावीतल्या बेडकाच्या आकृतीपर्यंत. आणि तो बेडूकही शेजारी बसणाऱ्या मित्राने काढून दिलेला. पुढे मी कॉमर्सला गेलो आणि बेडूक सुटले.

सुरुवात आईपासून झाली. पितृपक्षात, वडिलांच्या तिथीला, ती कावळ्यासाठी पान घेऊन गच्चीवर गेली. आमच्या भागातल्या कावळ्यांना त्या पंधरवड्यात भूक कमी आणि मान जास्त असतो. चांगली वीस मिनिटे तिष्ठत ठेवून एक कावळा आला, वड्याला शिवला, आणि समाधानाने मागे वळलेली आई ओल्या फरशीवरून घसरून पडली. खुब्याचे हाड मोडले. कावळा वडा घेऊन गेला.

शस्त्रक्रिया झाली. आत पट्टी बसली, स्क्रू बसले. दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून तिला उभेही केले. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "हाडाचं काम मी केलं. आता खाणं आणि चालणं तुमच्याकडे." घरी आल्यावर आईने ही दोन्ही कामे नाकारली. चालायचे का नाही, तर पुन्हा पडले तर? आणि खायचे का नाही, तर भूक नाही.

आता आईला भूक नसणे ही आमच्या घरात नवी गोष्ट नव्हे. लहानपणी पोळ्या कमी पडल्या की तिला भूक नसायची. ऐन जेवणाच्या वेळी पाहुणे टपकले की तिला भूक नसायची. आंबे एकच डझन आले की तिला आंबा उष्ण पडायचा. बारावीपर्यंत मी हे सगळे खरे मानत होतो. मग कॉमर्सला गेल्यावर थोडा हिशेब कळू लागला.

शिवाय तिचा उपासाचा सराव दांडगा. दोन एकादश्या, संकष्टी, श्रावणी सोमवार, हरतालिकेची निर्जळी, आणि कुणाच्या तरी परीक्षेसाठी बोललेले गुरुवार वेगळे. मी आयुष्यात एकदाच आषाढी एकादशी केली. सकाळी नऊला साबुदाण्याची खिचडी, अकराला बटाट्याचा कीस, एकला वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, चारला रताळ्याच्या काचऱ्या. रात्री आईने विचारले, "उपास सोडणार कधी?" मी म्हटले, "सोडायला धरलाय कुठे?" तर अशा आईला 'जेव' म्हणून सांगायला मी गेलो, तेव्हा तिने चेहरा भिंतीकडे करून एकच प्रश्न विचारला,

"गाडी उभी असली तर पेट्रोल जळतं का रे? पडून असलेल्या माणसाला काय लागतंय खायला?"

मला उत्तर सुचले नाही. सौ.ने मऊ भात केला, मुगाचे कढण केले, नाचणीची खीर केली, डॉक्टरांनी सांगितले म्हणून पनीरसुद्धा केले. पनीरचा एक तुकडा चावून आईने तो रबर असल्याचे जाहीर केले. बाकीचे पदार्थ दोन-दोन चमचे जाऊन परत येऊ लागले.

नेमक्या त्याच दिवसांत आमच्या कन्येने घरात अस्वल आणले. म्हणजे मोबाइलवर. अलास्कात कॅटमाई नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या ब्रुक्स नदीवर तपकिरी अस्वले सामन मासे खाऊन खाऊन फुगतात, आणि शरदात जगभरची माणसे इंटरनेटवर मते देऊन त्यांच्यातले सर्वांत गलेलठ्ठ अस्वल निवडून देतात. २०१४ साली ही निवडणूक एका दिवसाची होती, पुढे ती आठवडाभर चालू लागली. वजन वाढवल्याबद्दल कुणाचा जाहीर सत्कार होऊ शकतो, हे कळल्यावर मी थोडा हळवा झालो. माझे वजन वाढले तेव्हा दखल घेतली ती फक्त शिंप्याने.

कन्या आजीच्या पलंगावर बसून तिला जुन्या विजेत्यांचे फोटो दाखवत होती. तिथल्या अस्वलांना नंबर असतात. ४८० नंबरचे अस्वल, टोपणनाव ओटिस, चार वेळा निवडून आले: २०१४, २०१६, २०१७ आणि २०२१. शेवटच्या वेळी त्याचे वय पंचविशीच्या आसपास, म्हणजे अस्वलांत पार म्हातारा. त्या वर्षी तो नदीवर आला तोच उशिरा, हाडे मोजून घ्यावीत असा. आणि शरदापर्यंत पिंप होऊन बसला. पूर्वी एकदा त्याने एका बैठकीत बेचाळीस मासे खाल्ले होते.

"आणि त्याचे दोन सुळे पडलेत आजी. उरलेत ते झिजलेत."

आईने मान वळवली. "मग खातो कसा?"

"धावपळ नाही करत. एका जागी बसून राहतो. मासा समोर आला की धरतो."

ही कार्यपद्धती ऐकून मला आमच्या शाखेतले दोन-तीन जण आठवले. आईला मात्र काळजी दुसरीच. "कवळी नाही ना त्याला? सुखी आहे. ही माझी घे काढून, वाटीत ठेव. हल्ली सैल होतेय."

खरी गंमत पुढेच होती. एवढे खाऊन हे अस्वल हिवाळ्यात बिळात शिरते आणि पाच-सहा महिने बाहेर येत नाही. त्या काळात अन्न नाही, पाणी नाही, आणि शंकेला जाणेसुद्धा नाही.

"पाणीही नाही?" आई म्हणाली. "निर्जळी?"

"निर्जळी."

"पाच महिने?"

आईच्या चेहऱ्यावर व्यावसायिक आदर दिसला. आजवर तिच्या मनातले अस्वल म्हणजे दरवेशाचे. पूर्वी वेसण घालून दारोदार फिरवायचे आणि ज्याचा केस ताइतात घालून मुलांच्या गळ्यात बांधायचे ते. त्या अस्वलाकडे ही विद्या नव्हती. आपल्या मेळघाटातले अस्वल हिवाळाभर झोपत नाही. वाळवी, मध, फळे असे काही ना काही बारा महिने मिळत असल्यावर झोपून करायचे काय? हिमालयातली अस्वले झोपतात.

"पण सगळ्यात भारी सांगू आजी? अस्वलीण तिथेच बाळंत होते. भर हिवाळ्यात. पिल्लं एवढीशी, अर्धा किलोसुद्धा नसतात, डोळे मिटलेले. आणि ती काही न खाता-पिता त्यांना अंगावर पाजते. बाहेर येईपर्यंत."

आई कोपरावर रेलून उठायला बघू लागली. "उपाशी बाळंतीण? डिंकाचे लाडू नाहीत, अळीव नाहीत, शेकशेगडी नाही?"

"काहीच नाही."

"आणि तो कुठे असतो? बाप?"

"तो दुसरीकडे झोपलेला असतो."

"हं," आई म्हणाली. त्या 'हं'मध्ये माझ्या दिवंगत वडिलांपासून माझ्यापर्यंत सगळे आले.

या अस्वलिणीची आणखी एक व्यवस्था मला फारच पटली. जोडी जमते उन्हाळ्यात, पण गर्भ तसाच थांबून राहतो, रुजत नाही. हिवाळ्याच्या तोंडाशी अंगावर पुरेशी चरबी साठली असेल तरच तो मूळ धरतो. नाहीतर त्या वर्षी पिल्ले नाहीत. आमच्या कर्ज विभागाचीच पद्धत. अर्ज जूनमध्ये घ्यायचा आणि शिल्लक पाहून मंजुरी नोव्हेंबरात द्यायची. हा भाग कन्येसमोर कसा बोलावा म्हणून मी गप्प होतो. शेवटी तिनेच मला समजावून सांगितला.

त्या रात्री मी कन्येचा मोबाइल आणि माझा कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. आईचा पेट्रोलचा प्रश्न डोक्यात होता.

माझ्या वहीत हिशेब असा मांडला गेला. अंगातली साखर म्हणजे खिशातली मोड. एका दिवसात संपते. चरबी म्हणजे मुदत ठेव. एक किलो चरबीत साधारण सात हजार सातशे कॅलरी असतात. डॉक्टरांच्या मते माझ्या अंगावर दहा किलो जादा आहेत. म्हणजे सत्त्याहत्तर हजार कॅलरी. दिवसाला दोन हजार खर्च धरला तर अडतीस दिवस मी नुसत्या ठेवीवर जगायला हरकत नाही. प्रत्यक्षात दुपारी दीडला माझा हात आपोआप डब्याकडे जातो आणि पावणेदोनला जर कुणी खातेदार समोर उभा असेल तर मी त्याच्याशी बरा वागत नाही.

अस्वलाची ठेव मोठी असते हे उघड आहे. पण त्याची खरी हुशारी खर्चाच्या बाजूला आहे. अलास्कातल्याच शास्त्रज्ञांनी वस्तीत शिरून उपद्रव करणारी पाच काळी अस्वले रानातल्या खोक्यांत हिवाळाभर झोपू दिली आणि आत कॅमेरे लावले. २०११ साली त्यांनी जमाखर्च जाहीर केला. मिनिटाला पंचावन्न ठोके देणारे हृदय चौदावर आले होते. अंग मात्र फारसे थंड झाले नव्हते. तीस ते छत्तीस अंशांच्या मध्ये कुठेतरी. तरीही शरीराचा एकूण खर्च नेहमीच्या पाव हिश्शावर आलेला. म्हणजे अंग गार पडल्यामुळे खर्च घटला, एवढेच ते कारण नव्हे. अस्वलाने आतल्या आत सगळ्या खात्यांना काटकसरीचे परिपत्रक काढले होते. आमच्याकडेही अशी परिपत्रके येतात. त्यानंतर पंखा बंद होतो आणि खर्च वाढतो.

पाण्याचीही सोय ठेवीतच. एक ग्रॅम चरबी जळली की साधारण एक ग्रॅम पाणी तयार होते. अस्वल स्वतःची चरबी खाते आणि तीच पिते.

उलट अलास्कातल्याच एका खारीचा कारभार पाहा. ती सात-आठ महिने जमिनीखाली झोपते आणि अंग इतके गार करते की शून्याच्याही खाली, उणे दोन-तीन अंशांपर्यंत जाते. पण दर दोन-तीन आठवड्यांनी तिला जाग येते, ती थडथडून अंग तापवते, काही तास तशी राहते आणि पुन्हा झोपते. हिवाळ्यातला बहुतेक खर्च या उठण्यातच होतो. डॉर्मंट खाते तीन आठवड्यांनी उठवायचे आणि पुन्हा झोपवायचे, तेही दर वेळी नवे फॉर्म भरून. मला त्या खारीची दया आली. मादागास्करमध्ये एक चिमुकला लेमूर आहे, तो आपली ठेव शेपटीत ठेवतो. आणि मी मित्राकडून काढून घेतलेला तो बेडूक? त्याचे आपल्याकडचे भाऊबंद पावसाळ्यात खाऊन घेतात आणि कोरडे महिने जमिनीत गाडून घेऊन काढतात. हे दहावीत कुणी सांगितले असते तर आकृती मीच काढली असती.

पण रात्री दीडच्या सुमाराला मला एक ओळ सापडली आणि माझा अडतीस दिवसांचा हिशेब कोसळला. माणूस उपाशी राहिला की नुसती ठेव मोडत नाही. तो स्नायूही मोडायला लागतो. स्नायू म्हणजे काही बचत नव्हे; ते घराचे वासे आणि दारे. चुलीत घालायला सरपण आहे, तरी माणसाचे शरीर सोबत दारे-खिडक्याही घालते. शिवाय पडून राहिले की पोटभर खाऊनही स्नायू झडतात, हाडे विरळ होतात. अस्वल पाच महिने पडून राहते, उपाशी, आणि वसंतात चार पायांवर चालत बाहेर येते. २००१ साली काही संशोधकांनी चक्क बिळात शिरून झोपलेल्या काळ्या अस्वलांच्या पायांची ताकद मोजली. एकशे तीस दिवसांत ती पाव हिश्शाहूनही कमी घटली होती. ही मोजणी करणाऱ्यांना कोणता जोखीम भत्ता मिळतो, ते मात्र लिहिलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी आईला त्यातले कसब समजावू लागलो. "हे बघ, अंगातलं मांस झिजलं की त्याचा एक कचरा तयार होतो. युरिया. आपण तो लघवीतून टाकून देतो. अस्वल टाकत नाही. तो रक्तातून आतड्यात जातो, तिथले जंतू तो फोडतात, आणि त्यातून निघालेल्या मालाचं शरीर पुन्हा मांस बनवतं. खारींमध्ये तर हे २०२२ साली प्रयोग करून दाखवलंय."

सौ.ने दारातून मला खुणेने थांबवले. जेवणाची वेळ होती. पण आई म्हणाली, "म्हणजे गोधडी."

"काय?"

"जुनेर टाकून द्यायचं नाही. फाटलं की उसवायचं, धुवायचं, एकावर एक घालायचं, टाके घालायचे. नवं कापड विकत आणायला लागत नाही आणि थंडी जाते." मग जरा थांबून म्हणाली, "मी काय वेगळं केलं इतकी वर्षं?"

बी. कॉम.च्या तीन वर्षांत मला कुणी इतक्या थोडक्यात काही समजावले नव्हते. मी कौतुकाने तिच्याकडे पाहिले. ती पाण्याचा पेला उचलत होती. हात वर गेला आणि तिची पाटली मनगटावरून घरंगळत थेट कोपरापर्यंत आली.

या पाटल्या लग्नातल्या. शस्त्रक्रियेच्या दिवशी त्या काढायला सांगितल्या तेव्हा साबण लावून, तेल लावून, दोन नर्सबाई आणि मी असे अर्धा तास खटपट करत होतो. त्याला उणापुरा महिना झाला होता.

आकडा वहीत असतो तोवर त्याचे काही वाटत नाही. मी काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात गेलो. सौ. ओट्याशी उभी होती. मी म्हटले, "तिच्या पाटल्या पाहिल्यास?" ती म्हणाली, "आठ दिवस पाहतेय." मग आम्ही दोघेही बराच वेळ तिथे काही काम नसताना काम करत राहिलो.

संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला. अस्वलाचा विषय मी काढणार नव्हतो, पण निघाला. डॉक्टर सगळे ऐकून म्हणाले, "खरं आहे, अंथरुणाला खिळलेल्या पेशंटसाठी आणि अंतराळवीरांसाठी त्यावर बरंच संशोधन चालू आहे. पण ते अस्वल आहे. तुमच्या आई नाहीत. त्यांच्या अंगात ती सोय नाही. त्यांना उठवा." मी बावीस वर्षे हेच काम करतो, पण आईला उठवायला आधार आणि पॅन उपयोगाचे नव्हते.

समजूत घालून झाली. नातीची शपथ घालून झाली. फिजिओथेरपीवाली मुलगी येऊन गेली. आईने तिला तिच्या लग्नाचे विचारून वाटेला लावले. मीही एकदा आवाज चढवला, त्यावर आईने इतक्या शांतपणे "बरं" म्हटले की मलाच वॉकरवर टेकावे लागले.

आणि मग जे झाले ते कुणी ठरवून केलेले नव्हते. रात्री कन्या त्या खोक्यातल्या पाच अस्वलांबद्दल आजीला सांगत होती. झोपलेली असली तरी ती अगदीच ओंडक्यासारखी पडून नसतात. मधूनमधून कुडकुडतात. कूस बदलतात. कधी उठून खालचे गवत सारखे करतात आणि पुन्हा झोपतात.

"सारखं करतं म्हणजे?" आईने विचारले. "कोण करतं?"

"तेच. आपलं अंथरूण आपणच."

"झोपेत?"

"झोपेतच."

आई काही बोलली नाही. सकाळी सात वाजता हाक आली.

"सूनबाई, ही चादर कशी घातलीय? खाली सळ पडलेत. रात्रभर टोचतायत."

"आई, तुमच्या अंगाखालची चादर, तुम्ही उठल्याशिवाय मी कशी नीट करू?"

बराच वेळ शांतता. आम्ही दोघे दाराबाहेर उभे. मग आतून आवाज आला, "मग तो घोडा आण इकडे. आणि धर मला. दोघांनी धरा. तू सोडू नकोस हं, तुझा भरवसा नाही."

वॉकर धरून आई उभी राहिली. पाय लटलटत होते. माझा दंड तिने इतका घट्ट आवळला होता की त्यावर दोन दिवस तिची बोटे होती. सौ. चादर बदलत असताना ती उभ्या उभ्या सूचना देत होती: इकडून ओढ, कोपरा आत घाल, उशीचा अभ्रा कोणी उलटा घातलाय? चार मिनिटे. घड्याळ मी लावले होते. दुसऱ्या दिवशी दोन वेळा चादरीला सळ पडले. तिसऱ्या दिवशी ती खिडकीपर्यंत गेली, समोरच्या कठड्यावर बसलेल्या कावळ्याकडे तिने एक जळजळीत कटाक्ष टाकला आणि परत आली.

भूक मात्र लगेच आली नाही. आम्ही घाबरलो, पण कन्येकडे खुलासा तयार होता. ती पाच अस्वले बाहेर आल्यावरही दोन-तीन आठवडे त्यांच्या शरीराचा खर्च नेहमीच्या निम्म्यावरच होता. "आजीचं चालतं-बोलतं हायबरनेशन चालू आहे," ती म्हणाली. आईला हा शब्द फार आवडला. बघायला येणाऱ्या बायकांना ती तो ऐकवू लागली. मात्र तिच्या तोंडी तो 'हैबरेशन' झाला आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तो एखादा नवा ताप समजून नातवंडांना आठवडाभर वर पाठवले नाही.

एके दिवशी तिने मेतकूट-भात मागितला. चार घास खाल्ले. दोन दिवसांनी विचारले, "यात तूप घातलंय की नुसतं दाखवलंय?" सौ. स्वयंपाकघरात येऊन चक्क हसली. महिनाभरात सासूने काढलेली ती पहिली खोडी होती.

नोव्हेंबर आला. नोव्हेंबरात आमच्या शाखेत पेन्शनरांची रांग लागते. आपण जिवंत असल्याचा दाखला त्या महिन्यात द्यायचा असतो. आईला वडिलांचे कुटुंब निवृत्तिवेतन आहे. मी म्हटले, "तू येऊ नकोस. हल्ली मोबाइलसमोर चेहरा धरला तरी घरबसल्या होतं."

"मोबाइलला काय कळतंय?" आई म्हणाली. "मी येते."

रिक्षाने आली. वॉकर, सौ., पाण्याची बाटली, पाठीला उशी. पायरीवर आमच्या शिपायाने हात दिला तो तिने नाकारला, सौ.चा धरला. रांगेतल्या आजोबांनी तिला पुढे जायला सांगितले. "मी थांबते, मला काय घाई आहे?" म्हणून ती खुर्चीवर बसली आणि अर्ध्या तासात तिथल्या चार बायकांना कॅटमाईच्या अस्वलांची सगळी माहिती झाली. एकीने विचारलेले मी इकडे बसून ऐकले, "अगंबाई, आणि डिंकाचे लाडू?"

आईचा नंबर आला. अंगठ्याचे यंत्र अंगठा घेईना. पुसून लावला, फुंकर मारून लावला, दुसरा लावला. "गेलं असेल घासून घासून," आई यंत्राची समजूत घालत म्हणाली. पाचव्या खेपेला त्याने तिला ओळखले आणि पडद्यावर ती जिवंत असल्याची नोंद आली. मी तिच्याकडून कागदावर सहीही घेतली. त्याची गरज नव्हती.

काम झाले. सौ. रिक्षा बघायला बाहेर गेली. आई माझ्या टेबलाशेजारच्या खुर्चीवर बसली होती, झोपलेल्या खात्यांच्या फायलींना टेकून. तिने इकडेतिकडे पाहिले आणि खालच्या आवाजात विचारले,

"डब्यात काय दिलंय?"

"भरली वांगी आणि पोळी."

"बघू."

मी डबा उघडून दिला. तिने पोळीचा तुकडा मोडला, रश्शात नीट बुडवला, खाल्ला. मग दुसरा. मीठ कमी असल्याचे सांगितले. मग आणखी एक पोळी घेतली. दुसरे वांगे अर्धे झाल्यावर तिने एकदम हात थांबवला आणि माझ्याकडे पाहिले.

"अरे, तुझा डबा ना हा? तुला भूक लागली असेल."

"नाही गं," मी म्हटले. "मला आज भूक नाही."

दीड वाजायला दहा मिनिटे होती.